कुरव ओळखायचा तर डोकं सोडा, पंखाचं टोक बघा

वाचकांचे प्रश्न: या वेळी फक्त कुरव

दरवर्षी थंडी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. पावसाळ्यात साप आणि बेडूक, दिवाळीनंतर सीगल, म्हणजे आपले मराठीतले कुरव. या वेळी इतके फोटो आलेत की म्हटलं एकदाच सगळं घेऊन टाकू. एक आधीच सांगतो, सीगल हे आडनाव आहे, नाव नाही. नुसतं "सीगल दिसला" म्हणणं म्हणजे "कुलकर्णी भेटले होते" म्हणण्यासारखं, पण कुठले कुलकर्णी?

प्रश्न: गेटवेहून मांडव्याला जाताना बोटीच्या मागे सीगल्सचा थवा लागतो. घरी येऊन पुस्तक उघडलं तर त्यात एक काळ्या डोक्याचा कुरव आणि एक तपकिरी डोक्याचा कुरव. माझ्या पन्नासेक फोटोंत एकाचंही डोकं काळं नाही आणि तपकिरी पण नाही, सगळ्यांची पांढरी आणि कानापाशी एक काळा डाग. मग हे नक्की कोण?
(वाचक, डोंबिवली)

उत्तर: तुमचं काही चुकलेलं नाही, नावं ठेवणाऱ्यांचं चुकलंय. ही नावं विणीच्या काळातल्या पिसाऱ्यावरून दिलीत आणि हे पक्षी आपल्याकडे येतात थंडीत, म्हणजे डोक्यावरची ती टोपी उतरवून ठेवून येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला येणार, मार्च-एप्रिलला जाणार, आणि जायच्या आधी शेवटच्या काही आठवड्यांत टोपी परत चढायला लागते, म्हणून मार्चमध्ये अर्धवट डोकं रंगलेले, शाई सांडल्यासारखे पक्षी दिसतात. त्यात अजून गंमत अशी की काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं काळं नसतंच, गडद चॉकलेटी असतं. आणि तपकिरी डोक्याच्या कुरवाचं तपकिरी जरा फिकट, मानेकडच्या कडेला गडद होत जाणारं. म्हणजे दोघंही तपकिरीच! तेव्हा डोक्याचा विषय सोडूनच द्या.

पंखाचं टोक बघा, तेही उडताना. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाच्या पुढच्या कडेला, मनगटापासून टोकापर्यंत एक लांब पांढरी पाचर असते आणि काळा रंग फक्त टोकाशी, साडीच्या काठासारखा बारीक. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं उलटं, त्याचं टोक चांगलं रुंद काळं असतं, शाईत बुडवून काढल्यासारखं, आणि त्या काळ्यात दोन पांढरे ठिपके. पक्षीवाले त्याला मिरर म्हणतात. काळ्याच्या आतल्या बाजूला मग पांढरा भाग येतो. एकदा हे डोळ्यात बसलं ना की बोटीवरून एका नजरेत सांगाल, पुस्तक काढायलाच नको.

तुमच्या फोटोंपैकी जे मला नीट दिसले त्यातले बहुतेक तपकिरी डोक्याचे आहेत, तीन-चार काळ्या डोक्याचे. एकाच थव्यात दोघं असतात हे लक्षात ठेवा, एक ओळखला म्हणून सगळा थवा त्याच नावावर लिहून टाकू नका. ही चूक मी पाच-सहा वर्षं केली, जुन्या वह्यांमधल्या माझ्या नोंदींवर आज माझाच विश्वास नाही.

बसलेला असेल तर काय? तेव्हा पंख मिटलेले, दोघांचीही शेपटाकडची टोकं काळीच दिसतात आणि मिरर बरेचदा झाकले जातात, मग डोळा बघा. तपकिरी डोक्याच्या मोठ्या पक्ष्याचा डोळा फिकट, पिवळट पांढरा, त्याच्याभोवती लाल कड, त्यामुळे तो जरा रागावलेला वाटतो. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद, कायमच, त्यामुळे चेहरा गरीब. चोच दोघांचीही लाल आणि टोकाला काळी, पण तपकिरीवाल्याची जाडसर, काळ्यावाल्याची बारीक. पाय दोघांचेही लाल, पायांवर वेळ घालवू नका.

आकाराचं म्हणाल तर काळ्या डोक्याचा साधारण 37 ते 43 सेंमी आणि तपकिरी डोक्याचा 41 ते 45. बघा, आकडे एकमेकांवर चढलेत. एकटा पक्षी दिसला तर आकारावरून काहीही सांगता येत नाही, फोटोत तर अजिबातच नाही, जवळचा मोठा दिसतो लांबचा छोटा दिसतो, संपलं. दोघं शेजारी शेजारी बसलेले असतील तरच तपकिरीवाला दणकट दिसतो. किनाऱ्यावर माझी पट्टी म्हणजे कावळा. आपला गावकावळा साधारण 40 सेंमीचा, आणि किनाऱ्यावर कावळा नाही असं होत नाही. कुरव कावळ्याएवढा वाटला तर या लहान गटातला, कावळा त्याच्यापुढे पोरगेला वाटला तर वेगळं प्रकरण, ते खाली येतंच आहे.

जाता जाता, तपकिरी डोक्याच्या कुरवाचं शास्त्रीय वर्णन भारतातच झालं, जर्डन नावाच्या मद्रास प्रांतातल्या डॉक्टरने 1840 मध्ये केलं. हा पक्षी विणीला लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांवर जातो. म्हणजे मे-जूनमध्ये तुम्ही त्सो मोरिरीला गेलात तर तुमच्या मांडव्याच्या बोटीवरचीच मंडळी तिथे टोपी घालून भेटतील.

प्रश्न: काका, मी सातवीत आहे. आम्ही अलिबागला गेलो होतो तिथे मी एक पांढरा पक्षी बघितला, त्याच्या डोळ्यामागे काळा पट्टा होता. मी म्हटलं कुरव, दादा म्हणतो सुरय. कोण बरोबर?
(एक वाचक, पनवेल)

उत्तर: तू चित्र काढून पाठवलंस हे भारी केलंस, फोटोपेक्षा चित्रावरून जास्त कळतं कधीकधी. चित्रात तू चोच पूर्ण काळी केलीयेस आणि पाय पण काळे. खरंच तसे होते का ते आठव. असतील तर दादा बरोबर. तो जाड चोचीचा सुरय, इंग्रजीत त्याला गल-बिल्ड टर्न म्हणतात, म्हणजे नावातच गल आहे, त्यामुळे तू फसलास यात तुझी काही चूक नाही. थंडीत त्याचं डोकं पांढरं होतं आणि डोळ्यामागे काळा पट्टा राहतो, अगदी कुरवाच्या डागासारखा. पण लहान कुरवांचे पाय आणि चोच लालसर किंवा केशरी असतात. आणि सुरय उडतो तेव्हा पंख लांब, टोकदार, शेपटीला खाच. कुरवाची शेपटी सरळ कापल्यासारखी, आणि तो पाण्यावर बदकासारखा निवांत बसतो, सुरय सहसा बसत नाही. दादाला सांग एक मार्क त्याला, पण अर्धा तुला पण.

प्रश्न: माझ्या जामनगरच्या फोटोवर ग्रुपमध्ये भांडण झालं. पंखाला पांढरी पाचर स्पष्ट आहे म्हणून मी काळ्या डोक्याचा लिहिलं. एक जण म्हणाले स्लेंडर-बिल्ड आहे, दुसरे म्हणाले नाही. तुम्ही निकाल द्या.
(वाचक, पुणे)

उत्तर: वर मी छाती ठोकून सांगितलं की पंखाचं टोक बघा आणि तुम्ही लगेच तो पक्षी पाठवलात जिथे ते चालत नाही. बारीक चोचीच्या कुरवाच्या, म्हणजे स्लेंडर-बिल्डच्या, पंखाची नक्षी काळ्या डोक्याच्यासारखीच असते, तीच पांढरी पाचर. इथे चेहऱ्याकडे यावं लागतं. पण रंगासाठी नाही, आकारासाठी.

तुमच्या फोटोत कपाळ बघा, चोचीपासून मागे सरळ उतारावर चढत गेलंय, घसरगुंडीसारखं. काळ्या डोक्याच्याचं डोकं गोल असतं, चेंडूसारखं. मान लांब आहे, पुढे काढून चालतोय. चोच लांब आणि टोकाला काळा ठिपका जवळजवळ नाही. कानामागचा डाग असून नसल्यासारखा. आणि डोळा फिकट. हे सगळं बारीक चोचीच्याचं आहे. तुमच्या ग्रुपमधले पहिले गृहस्थ बरोबर, त्यांना चहा पाजा.

नाव मात्र फसवं आहे हो. स्लेंडर-बिल्ड म्हटल्यावर लोक चोच सुईसारखी असेल म्हणून शोधतात, तशी ती नसते, ती लांब असते म्हणून बारीक वाटते. या पक्ष्याला विणीच्या काळातही टोपी येत नाही, डोकं बारा महिने पांढरंच, उलट पोटावर हलकी गुलाबी झाक चढते. सौराष्ट्र-कच्छच्या किनाऱ्यावर तो चांगला भेटतो. आपल्या कोकणात मात्र त्याचं नाव लिहायच्या आधी कपाळ दोनदा बघा.

प्रश्न: फेब्रुवारीत भिगवणला नावाडी आम्हाला उजनीच्या मधल्या एका उंचवट्यापाशी घेऊन गेला. तिथे नेहमीच्या कुरवांत एक भला थोरला, डोकं कुळकुळीत काळं, घारीएवढा. काळ्या डोक्याचा कुरव एवढा मोठा होतो का?
(वाचक, सोलापूर)

उत्तर: नाही होत. हा पल्लासचा कुरव, आणि तुमच्या नावाड्याला माझा नमस्कार सांगा. मोठ्या कुरवांमध्ये काळी टोपी घालणारा हा एकटाच, आणि याची टोपी खरोखर काळी असते, चॉकलेटी नाही. इतरांना मार्च उजाडतो, पण हा टोपी लवकर चढवतो, जानेवारी-फेब्रुवारीतच, म्हणून तुम्हाला पूर्ण सजलेला मिळाला. लांबी 55 सेंमीपासून 70 च्या पुढेपर्यंत, पंखांची फाक दीड मीटरच्या आसपास, म्हणजे घारीएवढा हे तुम्ही बरोबर बोललात. गंमत म्हणजे पीटर सायमन पल्लास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने 1773 मध्ये याला जे नाव दिलं, इक्थायएटस, त्याचा ग्रीकमधला अर्थ मासे खाणारा गरुड. कॅस्पियन समुद्राकाठी त्यालाही बहुतेक तुमच्यासारखंच वाटलं असणार.

टोपी नसताना ओळखायचा कसा हेही विचारून टाकायचं होतं तुम्ही. डोळ्यामागे राखाडी-काळा मुखवटा पुसल्यासारखा राहतो, डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कोरी, चोच जाड पिवळी आणि टोकाजवळ काळा पट्टा आणि लाल, तीन रंग एका चोचीत. पाय पिवळे. कपाळ लांब उतरतं त्यामुळे तोंड लांबट वाटतं, थोडं घोड्यासारखं म्हणा हवं तर. लहान कुरवांच्या मध्ये बसला की पोरांच्या वर्गात हेडमास्तर बसल्यासारखा दिसतो, चुकायचा प्रश्नच नाही.

प्रश्न: हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना मोठे सीगल येतात, काहींची पाठ काळपट राखाडी, काहींची फिकट, आणि काही तर पूर्ण मातकट चितकबरे. या तीन जाती का? माझ्या वडिलांकडच्या जुन्या पुस्तकात हेरिंग गल लिहिलंय.
(वाचक, दापोली)

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून मी खुर्ची जरा मागे सरकवली. मोठे कुरव हा विषय असा आहे की त्यात भलेभले जुने पक्षीवाले एकमेकांशी बोलेनासे होतात.

आधी ते मातकट चितकबरे. ती वेगळी जात नव्हे, ती पोरं आहेत. लहान कुरव दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत मोठ्यांसारखे दिसायला लागतात, पण मोठ्या कुरवांना पूर्ण पिसारा यायला साधारण चार वर्षं लागतात. म्हणजे एकाच जातीचे चार वयांचे चार वेगवेगळे अवतार एकाच बंदरावर. पहिल्या वर्षी सगळा मातकट, चोच काळी, मग दरवर्षी पाठ थोडी थोडी राखाडी होत जाते, चोच पिवळी होत जाते. त्यात मधल्या वर्षांत चोचीवर काळा पट्टा येतो आणि माणूस भलत्याच जातीच्या मागे लागतो. एक बरं आहे, पल्लासच्या पोराची पाठ पहिल्याच हिवाळ्यात राखाडी व्हायला लागते आणि पांढऱ्याशुभ्र शेपटीला टोकाशी काळा स्वच्छ पट्टा असतो, त्यामुळे तो त्या गर्दीतून वेगळा काढता येतो.

आता काळपट पाठ आणि फिकट पाठ. तुमच्याकडे येणारे काळपट पाठीचे बहुतेक ह्युग्लिनचे कुरव, विण रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रात. पाठ पाटीच्या रंगाची, शाळेत लिहायची ती दगडी पाटी, थोडी पुसलेली. पाय पिवळे, पिवळ्या चोचीवर खाली लाल ठिपका, थंडीत मानेच्या मागे बारीक रेघोट्या. फिकट पाठीचा म्हणजे स्टेप गल, कझाकस्तान आणि नैऋत्य सायबेरियाच्या गवताळ भागातला, पाठ राखाडी पण मध्यम. हल्ली दोघांनाही लेसर ब्लॅक-बॅक्ड गलच्या उपजाती धरतात. जुन्या पुस्तकांत हे सगळे हेरिंग गलच्या पोतडीत होते, म्हणून वडिलांच्या पुस्तकात तसं लिहिलंय, ते पुस्तक टाकू नका, फक्त समासात पेन्सिलीने लिहून ठेवा.

आणि इथे एक धोक्याची सूचना. पाठीचा रंग उन्हात एक दिसतो, ढगात एक दिसतो, मोबाईलवर ब्राइटनेस वाढवला की तिसराच. मी एकदा रेवदंड्याला एकाच पक्ष्याला सकाळी ह्युग्लिन आणि दुपारी स्टेप म्हणून वहीत लिहिलं होतं, नंतर एका पायाचं बोट तुटलेलं दोन्ही फोटोंत दिसलं तेव्हा कळलं. म्हणून दोघं शेजारी उभे असतील, एकाच उजेडात, एकाच दिशेला तोंड करून, तेव्हाच तुलना करा. हर्णैला लिलावाच्या वेळी ते जमतं, तुम्ही नशीबवान आहात.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे थंडीत ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये सीगल बसलेले असतात, समुद्र तासभर लांब. ॲप कधी रिंग-बिल्ड म्हणतं कधी हेरिंग. मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे.
(वाचक, एडिसन)

उत्तर: पार्किंगवाले बहुतेक रिंग-बिल्ड. चोचीवर काळं कडं, पाय पिवळे, लांबी 43 ते 54 सेंमी. तिकडचा हेरिंग गल त्याच्यापेक्षा मोठा, 56 ते 66, चोच जाड, आणि पाय गुलाबी. ॲप गोंधळतं कारण हेरिंगच्या अर्धवट वाढलेल्या पोरांच्या चोचीवरही काळं कडं येतं, वर दापोलीच्या उत्तरात तेच सांगितलंय. कडं दिसलं की लगेच पायाकडे नजर टाकायची, पिवळे की गुलाबी. पण एकदम लहान पोरांमध्ये रिंग-बिल्डचे पायही गुलाबीसर असतात, तेव्हा मुलीला म्हणावं प्रोजेक्टसाठी पाठ राखाडी असलेलेच निवड, चितकबऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस, मार्क जातील. उन्हाळ्यात बीचवर हातातले फ्राइज पळवणारा, काळ्या डोक्याचा, गडद पाठीचा, तो लाफिंग गल, तो निराळाच. आणि 2024 मध्ये अमेरिकेतल्या पक्षीशास्त्रज्ञांच्या संस्थेने तिकडच्या हेरिंग गलला वेगळी जात ठरवून अमेरिकन हेरिंग गल असं नाव दिलंय, प्रोजेक्टमध्ये ते लिहिलं तर बाई खूश होतील.

प्रश्न: बोटीवर लोक कुरवांना गाठ्या आणि वेफर्स टाकतात. टाकावं का?
(वाचक, चेंबूर)

उत्तर: नको. मिठाचं तळलेलं खाणं त्यांचं नाही. मी स्वतः एकेकाळी शेव टाकून फोटो काढलेत, त्यामुळे नैतिक वगैरे काही बोलत नाही, पण पंखाची नक्षी टिपायला शेव लागत नाही. बोटीच्या मागच्या बाजूला उभे राहा, पाणी घुसळलं जातं तिथे ते आपणहून येतात. पक्षी वळताना कॅमेऱ्याचा बर्स्ट मारा, म्हणजे एकापाठोपाठ धडाधड फोटो, वळतो तेव्हाच पंख पूर्ण उघडून वरची बाजू दिसते.

प्रश्न: सोबत फोटो जोडलाय, मिऱ्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी काढला. ओळखून द्यावा, पैज लागली आहे.
(वाचक, रत्नागिरी)

उत्तर: तीन दिवस तीन वेळा बघितला. मागून उजेड आहे, चोचीचं टोक वाळूत आहे आणि पाय दिसत नाहीत. बाजूला कावळा आहे म्हणून मोठा कुरव एवढं नक्की, अंगावर चितकबरा आहे म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या हिवाळ्यातला. त्यात पंखांची पांढरी टोकं झिजून गेलीत, पांढऱ्या पिसात काळं रंगद्रव्य नसतं म्हणून ते लवकर झिजतं, नाहीतर तिथून काही धागा मिळाला असता. पैजेचे पैसे दोघांनी परत घ्या, आणि उद्या सकाळी सूर्य पाठीशी घेऊन पुन्हा जा, तो बहुतेक तिथेच असेल.